चाकोरी नेमकी कुठे सोडावी?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे मी मुद्दाम एकत्र घेतली आहेत. लिहिणाऱ्या तिघांची वये, गावे आणि स्वभाव अगदी निराळे आहेत, पण तिघांनीही ‘कम्फर्ट झोन’ हा शब्द वापरला आहे. पत्रे थोडक्यात दिली असून लिहिणाऱ्यांची ओळख पटणार नाही याची काळजी घेतली आहे.

प्रश्न : मी ४६ वर्षांची असून बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातल्या एका शाळेच्या कार्यालयात काम करते. दोन वर्षांपूर्वी एका सहकाऱ्याच्या निरोप समारंभात मला बोलायला उभे केले. चार दिवस पाठ केलेले भाषण दोन वाक्यांनंतर आठवेना, तेव्हा ‘धन्यवाद’ म्हणून मी खाली बसले. लोकांचे ते हसणे अजून कानात आहे. आता जानेवारीत आमच्या गावी मराठी साहित्य संमेलन आहे आणि पाहुण्यांचा परिचय करून देण्याचे काम बचत गटातल्या बायकांनी माझ्या गळ्यात घातले आहे. दुसरी गोष्ट गाडीची. नऊ वर्षांपूर्वी मी परवाना काढला, घरी गाडी आहे, पण यजमान नोकरीनिमित्त पुण्याला असल्यामुळे ती दारातच उभी असते. बहिणीला घेऊन, स्वतः गाडी चालवत, चोर्ला घाटाने गोव्याला जावे अशी फार इच्छा आहे. सासूबाई म्हणतात, ‘कशाला गे नसते धाडस?’ कम्फर्ट झोनमधून बाहेर पडायचे तर आधी काय करू, भाषण की घाट?

उत्तर : ताई, ‘कम्फर्ट झोन’साठी आपल्याकडे चाकोरी हा जुना आणि नेमका शब्द आहे. बैलगाडीच्या चाकांनी मातीच्या रस्त्यात पाडलेली खोल रेघ म्हणजे चाकोरी. तिच्यातून गाडी आपोआप चालते आणि गाडीवानाने डुलकी काढली तरी बिघडत नाही. चाकोरी सोडताना मात्र काठावर चाक एकदा दणका देते, म्हणून जाणता गाडीवान मिळेल तिथे बैल वळवत नाही. रेघ उथळ झालेली जागा येईपर्यंत तो वाट पाहतो. तुमच्या दोन्ही इच्छांना अशा उथळ जागा आहेत, पण त्या एकाच ठिकाणी नाहीत.

माइकसमोर उभे राहताना आणि घाटाच्या पहिल्या वळणावर शरीर अगदी सारखेच वागते. रक्तात अ‍ॅड्रिनलिन वाढते, छाती धडधडते, तोंडाला कोरड पडते, तळहातांना घाम फुटतो. या दोन प्रसंगांतला फरक शरीराला कळत नाही, तो आपण करायचा असतो. भाषणात चूक झाली तर चार माणसे हसतील आणि जेवणाच्या पंगतीपर्यंत विसरतील. घाटात झालेली चूक निस्तरता येईलच असे नाही. म्हणून भाषणाच्या बाबतीत मी सांगेन की तयारी अर्धी असली तरी उभे राहा, कारण ती कला उभे राहिल्यानंतरच येते. आणि गाडीच्या बाबतीत सांगेन की हात बसल्याशिवाय घाटाकडे वळू नका, तिथे धाडसाचा क्रमांक सगळ्यात शेवटचा. दोन्हींना ‘भीतीवर मात करा’ हा एकच उपदेश देणारी माणसे मला बेजबाबदार वाटतात. तुमच्या सासूबाईंचे म्हणणे त्या दृष्टीने अगदीच टाकाऊ नाही. त्यातले ‘आज नको’ तेवढे घ्यावे आणि ‘कधीच नको’ सोडून द्यावे.

आधी भाषण. तुम्ही त्या समारंभात का अडखळलात याचे उत्तर तुमच्याच पत्रातल्या ‘चार दिवस पाठ केलेले’ या शब्दांत आहे. आपल्या शाळांतून वक्तृत्व म्हणून जे शिकवतात ते पुष्कळदा पाठांतरच असते. भाषण गुरुजी लिहून देतात, मूल ते घोकते, ‘सन्माननीय व्यासपीठ’ म्हणताना कोणता हात वर करायचा हेसुद्धा ठरलेले असते. सातवीत असताना मीही अशा एका स्पर्धेत उभी राहिले होते. माझ्या भाषणाच्या तिसऱ्या परिच्छेदाचा पहिला शब्द ‘तथापि’ होता आणि तेवढाच मला आठवेना. त्याच्या पुढचे सगळे येत होते, पण गंजलेल्या कडीसारखा तो एक शब्द निघेना, आणि परीक्षकांच्या टेबलावरची पितळी घंटा वाजेपर्यंत मी त्या घंटेकडे नुसती बघत उभी राहिले. त्याला आता पन्नास वर्षे झाली, तरी बोलताना ‘तथापि’ म्हणायचे मी टाळते. पाठ केलेल्या भाषणाची एक कडी निसटली की पुढची सगळी साखळी हातची जाते, आणि आपण समजतो की आपल्याला लोकांची भीती वाटते. खरी भीती विसरण्याची असते.

आपल्या सीमाभागात तिला आणखी एक पदर आहे, आणि तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. बेळगावात व्यासपीठाला फार वजन आहे. १९१६ साली लोकमान्य टिळकांच्या होमरूल लीगची स्थापना याच शहरात झाली, १९२४ साली गांधीजींच्या अध्यक्षतेखालचे काँग्रेसचे अधिवेशन इथेच भरले, आणि १९२९, १९४६ व २००० अशी तीन वेळा मराठी साहित्य संमेलने इथे झाली. त्यांपैकी १९४६ च्या, ग. त्र्यं. माडखोलकर अध्यक्ष असलेल्या संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. पुढे कडोली, येळ्ळूर, बेळगुंदी, सांबरा, उचगाव अशा गावांनी स्वतःची संमेलने भरवायला सुरुवात केली आणि शेतकऱ्यांच्या गावात ग्रंथदिंडी निघू लागली. हे सगळे अभिमानाचेच आहे. पण त्यामुळे होते असे की मराठीतून चार वाक्ये बोलायला उभे राहिलेल्या आपल्यासारख्या बाईला वाटते, आज साऱ्या मराठी भाषेची अब्रू आपल्या तोंडावर अवलंबून आहे. मग ती घरात बोलते ती भाषा खुंटीला टांगून ठेवते आणि पुण्याच्या कोणीतरी लिहिल्यासारखी भाषा उसनी आणते. उसन्या भाषेत शब्द आठवावे लागतात. घरच्या भाषेतले आपोआप येतात. तुमच्या मराठीत कन्नड आणि कोकणीचे शब्द मिसळत असतील तर मिसळू द्या. अक्का, अण्णा, अडकित्ता हे शब्द कन्नडातूनच मराठीत आले आणि त्यांना कोणी अशुद्ध म्हणत नाही.

आता प्रत्यक्ष तयारी. परिचयाचे भाषण तीन मिनिटांचे असावे, चौथ्या मिनिटाला श्रोते पाहुण्यांकडे बघू लागतात. भाषण लिहून काढू नका. पोस्टकार्डाएवढ्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत चार थांबे लिहा: पाहुणे मूळचे कुठले, त्यांचे मुख्य काम कोणते, त्यातले मला स्वतःला काय भावले, आज ते कशावर बोलणार. एका थांब्यापासून दुसऱ्यापर्यंत त्या वेळी सुचेल त्या शब्दांनी जायचे. पाठ करायची ती फक्त दोन वाक्ये, पहिले आणि शेवटचे; पहिले यासाठी की त्या क्षणी मन ठिकाणावर नसते, आणि शेवटचे यासाठी की कुठे थांबायचे हे माहीत नसलेला माणूस तेच तेच बोलत राहतो. पाहुण्यांनी पाठवलेला चार पानी बायोडेटा वाचून दाखवणे हा आपल्याकडचा सार्वत्रिक अपराध आहे, तो तुम्ही करू नये. तिसरा थांबा तुमचा स्वतःचा आहे. त्यांचे एखादे पुस्तक आधी वाचा आणि त्यातली तुम्हाला आठवत राहिलेली एकच गोष्ट सांगा. बायोडेट्यातल्या दहा पुरस्कारांपेक्षा पाहुण्यांनाही तीच आवडेल. त्यांचे नाव-आडनाव कसे उच्चारायचे हे त्यांनाच फोनवर विचारून घ्या.

सराव उभे राहून आणि मोठ्याने करावा. मनातल्या मनात सगळ्यांनाच उत्तम बोलता येते. दर वेळी शब्द वेगळे आले तर घाबरू नका, उलट ते मुद्दाम वेगळे येऊ द्या, म्हणजे कोणताही एक शब्द ‘तथापि’ होऊन बसणार नाही. संमेलनाच्या दिवशी मंडपात तासभर आधी जा आणि लाऊडस्पीकरवाल्याला सांगून माइकवर दोन वाक्ये बोलून बघा. स्वतःचा आवाज कर्ण्यातून पहिल्यांदा ऐकणे हाच अर्धा धक्का असतो, तो रिकाम्या खुर्च्यांसमोर बसलेला बरा. तोंड आणि माइक यांत मूठभर अंतर ठेवा. माइकने शिट्टी मारली तर ती तुमची चूक नसते. स्पीकरचा आवाज पुन्हा माइकमध्ये शिरला की तसे होते, तेव्हा स्पीकरच्या खोक्यापासून जरा दूर सरकावे आणि शिट्टी थांबेपर्यंत गप्प राहावे. कागदाऐवजी पुठ्ठा मी सांगते तोही अनुभवातून: मंडपातल्या पंख्याने कागद फडफडतो, आणि हात थरथरत असेल तर कागद ती थरथर दुप्पट करून दाखवतो.

त्या थरथरीबद्दल एक दिलासा देते. केनेथ सॅवित्स्की आणि थॉमस गिलोविच या मानसशास्त्रज्ञांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे दिसले की वक्त्याला आपली घाबरगुंडी जेवढी उघड झाली असे वाटते तेवढी ती श्रोत्यांना दिसत नाही. आणि ही गोष्ट आधी सांगितलेल्या वक्त्यांची भाषणे न सांगितलेल्यांपेक्षा सरस झाली. अ‍ॅलिसन वूड ब्रुक्स यांचे २०१४ सालचे प्रयोगही उपयोगी आहेत. भाषणापूर्वी ‘मी शांत आहे’ असे स्वतःला बजावणाऱ्यांपेक्षा ‘मला उत्साह वाटतो आहे’ असे म्हणणाऱ्यांचे भाषण चांगले झाले. छातीची धडधड उत्साहातही होते, त्यामुळे हे वाक्य शरीराला पटते. शांततेचे वाक्य खोटे आहे हे त्याला लगेच कळते.

जानेवारीला अजून अवकाश आहे. बचत गटाच्या दर आठवड्याच्या बैठकीत हिशेब वाचून झाला की प्रत्येकीने उभे राहून एक मिनिट बोलावे, विषय चिठ्ठी टाकून काढावा, आणि एकीने घड्याळ धरावे, असा नियम तुम्ही करू शकता. टोस्टमास्टर्स नावाची जगभर पसरलेली संस्था हेच करते. तिच्या बैठकीत चिठ्ठीतल्यासारख्या आयत्या विषयावर एक ते दोन मिनिटे बोलायचे असते, आणि वक्ता किती वेळा ‘अं, अं’ म्हणाला हे मोजायलाही एक माणूस नेमलेला असतो. ती कॅलिफोर्नियात सुरू झाली तेही १९२४ सालीच. ‘आमच्या म्हशीचा स्वभाव’ या विषयावर मिनिटभर बोललेली बाई संमेलनाच्या मंडपाला घाबरत नाही. निदान कमी घाबरते.

आता गाडी. नऊ वर्षांचा परवाना आणि नऊ वर्षांचा सराव यांत फरक आहे, म्हणून पहिले आठ-दहा तास एखाद्या ड्रायव्हिंग स्कूलच्या शिक्षकाला शेजारी बसवून काढा. त्यांच्याकडून मुद्दाम एकच गोष्ट घोटून घ्या: चढावर थांबलेली गाडी हँडब्रेकच्या आधाराने, मागे न सरकू देता, पुढे काढणे. बेळगावात कपिलेश्वर उड्डाणपुलाच्या चढावर एकदा माझी गाडी बंद पडली. मागे बस, तिच्यामागे रिक्षांची रांग, आणि सगळ्यांचे हॉर्न एका सुरात. मी घाईने क्लच सोडला, गाडीने आचका दिला आणि पुन्हा बंद पडली. तिसऱ्या वेळी मी हॉर्न ऐकायचे सोडून दिले, हँडब्रेक ओढला, अ‍ॅक्सिलरेटर थोडा दाबला, क्लच सोडत गाडीचे नाक किंचित उचलल्यासारखे वाटेपर्यंत थांबले आणि मग हँडब्रेक सोडला. गाडी गेली. घाटातही करायचे असते ते एवढेच, फक्त तिथे उतार जास्त आणि रस्ता अरुंद असतो.

घाटाच्या बाबतीत आपल्या भागाची एक गंमत आहे. बेळगाव-खानापूर हे पठारावर असल्यामुळे आपल्याला गोव्याला किंवा कोकणात जाताना घाट आधी उतरावा लागतो आणि परतताना चढावा लागतो. म्हणजे अवघड भाग नवख्याच्या वाट्याला आधी येतो, कारण उतरणे हे चढण्यापेक्षा कठीण. याचा एक फायदाही आहे. जांबोटी आणि मलप्रभेचे उगमस्थान असलेले कणकुंबी हे दोन्ही घाटाच्या वर आहेत. तिकडे आंबोलीही घाटमाथ्यावरच आहे. शिनोळी, पाटणे फाटा करत आंबोलीपर्यंत गेले तर वळणे आणि जंगल मिळते, पण खरा उतार आंबोलीनंतर, दाणोलीच्या बाजूला लागतो. तिथून चहा पिऊन परत फिरता येते आणि त्यात कमीपणा काही नाही. तुम्हाला हवी असलेली उथळ जागा ही.

म्हणून क्रम असा धरा. पाऊस संपल्यावर पहिल्या रविवारी खानापूरहून नंदगडमार्गे हलशी. कदंबांची ही जुनी राजधानी, भूवराह नृसिंहाचे देऊळ बघून दुपारच्या आत घरी. नंतर दोन-तीनदा बेळगावहून पुणे-बंगळूर महामार्गाने कित्तूर, म्हणजे वेगाच्या रस्त्यावर आपली लेन धरून चालणे, मागून येणारा ट्रक आरशात ओळखणे आणि हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यावरून न गडबडता जाणे हे अंगवळणी पडेल. फास्टॅगमध्ये पैसे आहेत ना हे घरीच बघून निघा. त्यानंतर आंबोली, फक्त माथ्यापर्यंत. सगळ्यात शेवटी, फेब्रुवारीच्या सुमाराला, चोर्ला. पहिल्या खेपेला घाट उतरताना यजमानांना किंवा एखाद्या जाणत्या चालकाला चालवू द्या, तुम्ही शेजारी बसून वळणे बघा. येताना चढण तुमची. दुसऱ्या खेपेला बहीण आणि तुम्ही. पावसाळ्यात मात्र तिकडे मुळीच जाऊ नका. दरडी, खड्डे आणि दाट धुके या तिन्हींशी पहिली ओळख एकाच दिवशी करून घेण्याचे कारण नाही.

उतरताना गिअर चढताना वापराल तोच, म्हणजे दुसरा किंवा तिसरा, ठेवावा आणि गाडीला इंजिनाने धरून ठेवू द्यावे. न्यूट्रलमध्ये गाडी सोडून पेट्रोल वाचवणारे महाभाग असतात. तसे केले की सारा भार ब्रेकवर येतो, आणि सतत दाबून ब्रेक तापले की ते धरेनासे होतात आणि तोवर वळण आलेले असते. अरुंद जागी समोरासमोर गाड्या आल्या तर चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा नुसता शिष्टाचार नाही, कायद्याचा नियम आहे. न दिसणाऱ्या वळणावर हॉर्न वाजवा आणि पांढरी रेघ ओलांडू नका. धुके लागले तर दिवा खाली, म्हणजे लो बीमवर घ्या, कारण मोठ्या दिव्याचा उजेड धुक्यावरून उलटून आपल्याच डोळ्यांत येतो. जंगलपट्ट्यात मोबाइलची रेंज जाते, तेव्हा कुठून किती वाजता निघालात हे सासूबाईंना आधीच कळवा. रेंज असेल तिथे मदतीसाठी ११२ आहेच. सासूबाईंना कळवण्याने आणखी एक काम होईल. ज्या माणसाला आपण वाटेतला प्रत्येक थांबा सांगतो, ते माणूस तिसऱ्या-चौथ्या खेपेपासून ‘कशाला गे’ म्हणायचे सोडून ‘येताना काजू आण’ म्हणायला लागते.

आधी काय, याचे उत्तर तारखांनीच दिले आहे. गाडीचा सराव आत्ता, भाषण जानेवारीत, घाट त्यानंतर.

प्रश्न : मी ७१ वर्षांचा, चिकोडी तालुक्यातला निवृत्त मुख्याध्यापक आहे. मला भाषणाची भीती कधीच वाटली नाही. लग्न असो, बारसे असो, वाढदिवस असो, ‘दोन शब्द’ मीच बोलतो. अलीकडे मात्र नातू मध्येच माइक बंद करतो आणि वीज गेली असे सांगतो. माझ्यासारख्याला कम्फर्ट झोनचा काही प्रश्न नसतो, हे आपण मान्य कराल का?

उत्तर : सर, मान्य करणे कठीण आहे. आपली चाकोरी चाळीस मिनिटांची आहे आणि आपण तिच्यात अतिशय सुखी आहात. टोस्टमास्टर्सच्या ज्या पद्धतीचा वर उल्लेख केला तिच्यात पाच ते सात मिनिटांच्या भाषणाला पाचव्या मिनिटाला हिरवा, सहाव्याला पिवळा आणि सातव्याला लाल दिवा दाखवतात. पुढच्या लग्नात नातवालाच पहिल्या रांगेत बसवून त्याच्या हातात तीन रंगांचे कागद द्या. पिवळा दिसल्यावर आपले शेवटचे वाक्य म्हणायला घ्यायचे, हे एवढे जमले तर चोर्ला घाट उतरण्याइतके धाडस आपण केले असे मी समजेन. आणि वर्गात असताना वेळ संपल्याची घंटा वाजली की आपण काय करत होता हे जरा आठवून बघा. मुलांना मात्र ते पक्के आठवत असेल.

प्रश्न : मी निपाणी भागातला, वय २३. शाळा-कॉलेजात मराठी वक्तृत्वाची कितीतरी बक्षिसे मिळवली. आता बेळगावात उद्यमबागेतल्या एका कारखान्यात सुपरवायझर आहे. रोज सकाळी कामगारांसमोर पाच मिनिटे सुरक्षेबद्दल ‘टूलबॉक्स टॉक’ द्यायचा असतो. बहुतेक कामगार बैलहोंगल, सौंदत्तीकडचे असल्यामुळे तो कन्नडमध्ये द्यावा लागतो आणि तिथे माझी वाचा बसते. गेले चार महिने मी हे काम सहकाऱ्यावर ढकलतो आहे. कम्फर्ट झोन तोडण्यासाठी एकट्याने मोटरसायकलवरून कन्याकुमारीला जायचे ठरवले आहे. व्हिडिओंमध्ये लोक सांगतात की अशा प्रवासाने माणूस बदलतो. जाऊ का?

उत्तर : जरूर जा, पण या कामासाठी जाऊ नका. हजार किलोमीटरहून लांबचा तो रस्ता तुम्ही हेल्मेटच्या आत बसून, कानात मराठी गाणी लावून आणि फोनवरच्या नकाशाने सांगितलेल्या वळणांवर वळत पार कराल. पेट्रोल पंपावर पैसेही फोननेच द्याल. चार-पाच दिवसांत तुम्हाला कोणाशी बोलायची गरजच पडणार नाही आणि परत आल्यावर सोमवारी सकाळी कामगार तिथेच उभे असतील. चाकोरी रस्त्यात असते तशी माणसाच्या तोंडातही असते, आणि ती मोटरसायकलवर मागे बसून बरोबर येते.

तुम्हाला हवा असलेला प्रवास बराच जवळचा आहे. एका रविवारी सौंदत्तीला जा, शक्यतो बसने. यल्लम्माच्या डोंगरावर कोल्हापूरकडचे भाविक पिढ्यान्‌पिढ्या जात आले आहेत, त्यामुळे तिथला दुकानदार तुम्हाला पाहून आपणहून मराठीत बोलेल. त्याला हसून थांबवा आणि नारळाचा भाव कन्नडमध्ये विचारा. नंतर नविलुतीर्थ धरणाचा रस्ता विचारा, तोही नकाशा खिशात ठेवून आणि तीन वेगवेगळ्या माणसांना. लागणारी वाक्ये थोडीच आहेत. ‘नन्ग कन्नड स्वल्प बर्तद’, मला कन्नड थोडेसे येते. ‘स्वल्प निधान माताड्री’, जरा सावकाश बोला. ‘तप्पादर हेळ्री’, चुकले तर सांगा. शेवटचे वाक्य सर्वांत मोलाचे. ते एकदा म्हटले की समोरचा माणूस परीक्षक राहत नाही, शिक्षक होतो, आणि शिकवायला कोणालाही आवडते.

तुम्हाला अडवणारी गोष्ट व्याकरण नाही, बक्षिसे आहेत, असे मला तुमच्या पत्रावरून वाटते. एका भाषेत पहिला येणाऱ्याला दुसऱ्या भाषेत बालवाडीत बसायची लाज वाटते. त्यात आपल्या भागात कन्नड बोलणे म्हणजे काहीतरी हार मानणे, अशी एक भावना घराघरांत असते, ती मी नाकारत नाही. माझ्याही घरात ती होती. पण सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, त्याचा निकाल लागेल तेव्हा लागेल. ग्राइंडरवर चष्मा न घालता काम करणाऱ्या माणसाचा डोळा आज सकाळी वाचवायचा आहे, आणि ते त्याला कळेल अशाच भाषेत सांगावे लागेल.

तेव्हा कामगारांपैकी सर्वांत जुन्या, जरा खवट अशा एखाद्याला चहाला बरोबर घ्या. उद्याच्या बोलण्यातली पाच वाक्ये देवनागरीत वहीत लिहून त्याला वाचून दाखवा आणि तो हसेल तिथे दुरुस्त करा. पहिल्या आठवड्यात पाच मिनिटे बोलू नका, दीड मिनिट बोला, उरलेली साडेतीन मिनिटे त्यालाच बोलू द्या. विषयही हातात धरून दाखवता येईल असा घ्या, म्हणजे हातमोजा, चष्मा, तुटलेली साखळी. वस्तू समोर असली की शब्द कमी लागतात आणि सगळ्यांचे डोळे तुमच्या तोंडावरून निघून तिच्यावर जातात. हेल्मेटला कन्नडमध्ये काय म्हणतात हे शोधत शब्दकोश चाळू नका. तुमचे कामगार त्याला बहुतेक हेल्मेटच म्हणत असतील.